मागे बसलेला माणूस : ड्रमवादकाविषयी वाचकांचे प्रश्न

वाद्यवृंदातील ड्रमवादकाचे नेमके काम काय, या विषयावर पुष्कळ पत्रे आली आहेत. त्यांत तक्रारींचा भरणा अधिक आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या पाच जणांच्या गटात मी गिटार वाजवतो. गाणे ज्या लयीत सुरू होते त्यापेक्षा बऱ्याच चढ्या लयीत ते संपते, हे तालमीचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर लक्षात आले. आम्ही ड्रमवादकाला बोल लावतो. तो म्हणतो, ‘तुम्हीच मला ओढता.’ लय सांभाळणे हे त्याचेच काम नव्हे काय?

उत्तर : ध्वनिमुद्रण ऐकण्याची बुद्धी आपल्याला झाली, हे उत्तम झाले, बहुतेक गट याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे केवळ आठवणीच्या भरवशावर भांडतात. आता तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावा आणि लय वाढली का, हे न पाहता ती कोठे वाढली, एवढेच शोधा. पहिल्या ओळी, पहिल्या फिलनंतरचा (दोन भागांच्या सांध्यावर ठेका सोडून ड्रमवादक जो छोटा तुकडा वाजवतो, त्यानंतरचा) भाग, धृपद आणि शेवट अशा चार-पाच ठिकाणी १५ सेकंदांतले ठोके मोजून त्यांना चाराने गुणले की मिनिटाला किती ठोके पडतात ते कळेल. माझा अनुभव असा की, लय उतारावरच्या चेंडूसारखी सतत वेग घेत नाही; दोन-तीन ठराविक जागी ती एकेक पायरी चढते आणि तेथेच राहते.

त्यातली एक पायरी हमखास फिलमध्ये सापडते, आणि तेथे दोष ड्रमवादकाचाच असतो. ठेका चालू असताना त्याचा हात हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) बारीक मात्रा मोजत असतो आणि सगळा गट नकळत त्या मात्रांवर टेकून असतो. फिल सुरू झाले की तो हात हाय-हॅट सोडतो, मोजणारा आवाज थांबतो आणि स्नेअरवरून (पुढ्यातल्या तीक्ष्ण आवाजाच्या ड्रमवरून) टॉमवर (घुमणाऱ्या ड्रमवर) व टॉमवरून क्रॅश या झांजेवर पोहोचण्याच्या उत्साहात शेवटचा ठोका थोडा आधी पडतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधले अंतर अर्ध्या सेकंदाचे असते; त्याचे चार भाग केले तर एकेक भाग सेकंदाच्या १२५ सहस्रांशांचा होतो. त्यातला पाव भाग जरी फिलच्या शेवटी खाल्ला गेला, तरी ऐकणाऱ्याला धक्का बसल्यासारखे वाटते आणि पुढचे धृपद नव्या लयीत सुरू होते. यावर साधा उपाय असा की, फिल वाजवताना डाव्या पायाने हाय-हॅटचे पेडल ठोक्यावर दाबत राहावे. हात कोठेही गेले तरी पाय घर सोडत नाही.

दुसरी पायरी मात्र आपली सर्वांची असते. धृपद आले की सगळेच जोराने वाजवू लागतात, आणि जोर वाढला की लय वाढवण्याचा मोह शरीराला आवरत नाही. गिटारवर हात जोराने फिरू लागला की तो लवकर परततो. मग ड्रमवादकाची तक्रार खरी ठरते. ते पडताळून पाहायचे असेल तर तालमीत एक प्रयोग करा. ड्रमवादकाच्या कानात मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारे यंत्र) द्या, धृपदाच्या मध्यावर त्याला आठ आवर्तने पूर्ण थांबायला सांगा, बाकीच्यांनी वाजवत राहावे आणि त्याने मेट्रोनोमप्रमाणे मोजून बरोबर नवव्या आवर्तनाला पुन्हा शिरावे. तो शिरेल तेव्हा आपण सारे कोठे पोहोचलेले असता, हे ऐकल्यावर आपल्याकडचा वाद बराच शांत होईल, अशी माझी खात्री आहे.

तेव्हा लय सांभाळणे हे काम सर्वांचे. लय कोणती, हे ठरवण्याचा अधिकार मात्र एकट्या ड्रमवादकाचा. गाणे चालू असताना त्याच्या मागे जावे, तो चुकत असला तरी जावे. एकाच मंचावर एक चुकीची लय चालली तर श्रोत्यांना बहुधा कळतही नाही, पण एक बरोबर आणि एक चूक अशा दोन लयी एकदम चालल्या तर सभागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत कळते. हिशेब नंतर तालमीत करावा.

याच संदर्भात एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात पहिल्याच गाण्याचा काउंट (लय ठरवून देणारी सुरुवातीची मोजणी) मी इतका जलद दिला की दुसऱ्या ओळीतले शब्द गायिकेच्या तोंडात मावेनात. मी काही वेगळे करतो आहे असे मला मुळीच वाटले नव्हते. माझी नाडी जलद चालली होती आणि मी तिलाच लय समजलो होतो. तेव्हापासून काउंट देण्याआधी त्या गाण्यातली सर्वांत दाट शब्दांची ओळ मी मनातल्या मनात एकदा गाऊन घेतो आणि ती नीट बसली तरच काठ्या वाजवतो. त्या चार-पाच सेकंदांच्या शांततेत मंचावरचे सगळे माझ्याकडे वळून पाहतात. पाहू द्यावे.

गट मोठ्या मंचावर वाजवत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचे २९ सहस्रांश लागतात. दूर उभा असलेला वादक ड्रम तेवढ्या उशिरा ऐकतो, त्यानुसार वाजवतो, आणि त्याचा आवाज ड्रमवादकापर्यंत पुन्हा तेवढ्याच उशिरा परत येतो. प्रत्येकाजवळ ड्रमचा आवाज देणारा मॉनिटर नसेल तर मंच रिकामा दिसला तरी चालेल, पण सर्वांनी ड्रमजवळ उभे राहावे.

प्रश्न : मी बेस गिटार वाजवते. मला सारखे सांगितले जाते की ‘किकबरोबर वाजव.’ म्हणजे बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर माझा स्वर आलाच पाहिजे का?

उत्तर : नाही. तसे केल्यास दोन वाद्यांचे मिळून एकच वाद्य होईल आणि थोड्या वेळाने ते कंटाळवाणे वाटेल. महत्त्वाच्या जागी, विशेषतः आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, दोघांनी एकत्र यावे आणि अधल्यामधल्या जागी एकमेकांना वाट द्यावी, एवढेच त्या सल्ल्याचे तात्पर्य आहे.

आपल्याला कोणी सांगितले नसेल अशी एक गोष्ट मात्र सांगतो. किकचा आवाज क्षणात विरतो. स्वर किती वेळ टिकवायचा, हे बेस ठरवते. आपला स्वर जेथे सुरू होतो त्याची काळजी आपण घेतच असाल, आता तो जेथे संपतो त्याकडे लक्ष द्या. स्नेअरचा ठोका पडण्याच्या क्षणी तारेवरचे बोट सैल करून स्वर तोडला, तर ड्रमवादकाने काडीही जास्त न हलवता स्नेअर भरघोस ऐकू येतो, कारण त्याच्याखालचा गुंजारव अचानक नाहीसा झालेला असतो. एकदा असे तोडून आणि एकदा स्वर लांबवून वाजवा. आपल्या ड्रमवादकाला फरक लगेच कळेल, आणि तो का पडला हे बहुधा कळणार नाही. उभे राहताना त्याच्या हाय-हॅटच्या बाजूला राहा, म्हणजे त्याचा पाय आणि डावा हात, दोन्ही दिसतील.

प्रश्न : एकच माणूस हातापायांनी इतकी वाद्ये वाजवतो, ही पद्धत मुळात कशी पडली?

उत्तर : जागेच्या आणि पैशांच्या टंचाईतून पडली. संचलनाच्या बँडमध्ये बेस ड्रम, स्नेअर आणि झांजा वाजवायला वेगवेगळी माणसे असत. तीच वाद्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील नाट्यगृहांत आणि नृत्यगृहांत आली, तेव्हा तेथे इतकी माणसे बसवायला जागा नव्हती आणि त्यांना पोसायची मालकांची तयारीही नव्हती. मग एकाच वादकाने स्नेअर आणि बेस ड्रम जवळजवळ ठेवून दोन्ही काठ्यांनीच वाजवायला सुरुवात केली. पायाने चालणाऱ्या पेडलचे प्रयोग अनेकांनी केले, पण १९०९ साली शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी चपळ पेडल बनवले आणि बेस ड्रम कायमचा पायाच्या ताब्यात गेला. हात मोकळे झाले, ही या वाद्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना म्हणावी लागेल.

डाव्या पायाला काम मिळाले ते १९२०च्या दशकात. त्या वेळी पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी जमिनीलगत असे. तिची दांडी उंच झाल्यावर त्याच झांजा काठीनेही वाजवता येऊ लागल्या आणि आजचा हाय-हॅट तयार झाला. पुढे १९४०च्या सुमारास जॅझ ड्रमवादक केनी क्लार्क यांनी केलेला बदल वाद्याच्या रचनेतला नव्हता, विचारातला होता. तोवर नृत्यसंगीतात बेस ड्रम चारही ठोक्यांवर वाजे आणि लयीचा आधार तोच असे. क्लार्क यांनी लय वर राइड सिम्बल या मोठ्या झांजेवर नेली आणि बेस ड्रम अनपेक्षित जागी आघात करण्यासाठी राखून ठेवला. पायाखालची जड लय डोक्यावर जाऊन हलकी झाली, आणि एकलवादकाशी संवाद करण्याची मुभा ड्रमवादकाला प्रथमच मिळाली. जॅझमधला ड्रमवादक आजही याच व्यवस्थेवर चालतो.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात वासराच्या कातड्याऐवजी प्लास्टिकचे पडदे आले. दमट हवेत सैल पडणारे आणि कोरड्या हवेत ताणून फुटणारे कातडे सांभाळण्याची कटकट त्यामुळे मिटली.

प्रश्न : मी २२ वर्षांची असून सात वर्षे ड्रम शिकते आहे. गटात मला सतत ‘साधे वाजव’ असे सांगितले जाते. मग इतके शिकून उपयोग काय, असे वाटते. शिवाय मी बसवलेल्या ठेक्याचे श्रेयही मला मिळत नाही.

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, कारण हे वाक्य बऱ्याचदा ज्यांना ताल समजत नाही तेच लोक बोलतात. त्यांना ‘माझ्या गाण्याच्या ओळीवर वाजवू नकोस’ असे म्हणायचे असते आणि त्यासाठी योग्य शब्द सापडत नसतो. तेव्हा पुढच्या वेळी त्यांना विचारा, नेमक्या कोणत्या जागी अडचण होते? उत्तर सहसा दोन-चार जागांपुरतेच निघते.

परंतु साधे वाजवणे म्हणजे कमी वाजवणे, ही समजूतही आपण सोडून द्यावी. चार्ली वॉट्स यांचे उदाहरण घ्या. १९६३ पासून २०२१ साली मृत्यू होईपर्यंत ते ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक गटाचे ड्रमवादक होते आणि त्यांचा ठेका कागदावर लिहिला तर नवशिक्याचा धडा वाटेल. त्यांचा उजवा हात पाहिला की मात्र एक विचित्र गोष्ट दिसते : स्नेअरवर ठोका पडण्याच्या क्षणी ते हाय-हॅट वाजवतच नाहीत, हात वर उचलून घेतात. बहुतेक ड्रमवादक तेथे दोन्ही एकदम वाजवतात. त्या एका वगळलेल्या ठोक्यामुळे स्नेअर एकटा, स्वच्छ ऐकू येतो आणि हाय-हॅटची ओळ श्वास घेतल्यासारखी तुटत-जुळत जाते.

‘बीटल्स’चे ड्रमवादक रिंगो स्टार हे डावखुरे, पण त्यांचा ड्रमसेट उजव्यांसाठी मांडलेला असे. त्यामुळे फिल वाजवताना त्यांचा पुढाकार घेणारा हात चुकीच्या बाजूला असे आणि एका टॉमवरून दुसऱ्यावर जायला त्यांना क्षणभर जास्त लागे. त्यातून निघालेली फिल किंचित रेंगाळणारी, अडखळल्यासारखी आणि नेमकी त्या गाण्याला शोभणारी झाली. मॉरीन टकर यांनी तर बेस ड्रम आडवा पाडून, उभे राहून, मऊ टोकांच्या काठ्यांनी वाजवला आणि सिम्बल जवळजवळ टाळले. ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या त्यांच्या रॉक गटाचा आवाज त्यांच्याशिवाय डोळ्यांपुढे उभाच राहत नाही.

सात वर्षांच्या मेहनतीचा खरा उपयोग कोठे करायचा, हेही सांगतो. मोठ्या ठोक्यांच्या मधल्या जागेत स्नेअरवर काठी जेमतेम टेकवून जे अस्फुट ठोके वाजवतात, ज्यांना आपण ‘घोस्ट नोट’ म्हणतो, ते वाजवायला फिलपेक्षा कितीतरी जास्त तयारी लागते. काठी पडद्यापासून दोन बोटांपेक्षा वर जाता कामा नये आणि लगेच पुढचा मोठा ठोका पूर्ण उंचीवरून यायला हवा. एकाच हाताने, एकाच श्वासात. गायकाला हे ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, त्यामुळे त्याची तक्रार येत नाही. गाणे चालायला लागले, एवढेच त्याला जाणवते. ड्रमवादक बर्नार्ड पर्डी यांचे वादन याच कलेसाठी अभ्यासतात.

आपल्या पत्रातल्या श्रेयाच्या मुद्द्याबद्दल दोन वाक्ये लिहायलाच हवीत. ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड यांनी गायक जेम्स ब्राउन यांच्या गटात वाजवलेला आणि १९७० साली ‘फंकी ड्रमर’ या ध्वनिमुद्रिकेत प्रसिद्ध झालेला काही सेकंदांचा ठेका पुढे हिप-हॉपमधल्या असंख्य गाण्यांत जसाच्या तसा उचलून वापरला गेला, पण रचनेचे श्रेय ब्राउन यांच्या नावावर असल्यामुळे वाजवणाऱ्याला त्याचे मानधन मिळाले नाही. चाल आणि शब्द यांनाच रचना मानायचे आणि ठेक्याला मानायचे नाही, ही जुनी सवय आहे आणि ती अन्यायाची आहे. गटात नवे गाणे बसवताना आपला ठेका त्या गाण्याची ओळख ठरणार असेल तर श्रेयाची वाटणी ध्वनिमुद्रणाच्या आधी कागदावर घ्या. नंतर कोणी देत नाही.

प्रश्न : मी गाते. लहान खोलीत तालीम असते आणि ड्रमच्या आवाजात मला माझा स्वरच ऐकू येत नाही. माईकचा आवाज वाढवला की शिट्टी वाजते. ड्रमवादकाला ‘हळू वाजव’ म्हटले की तो म्हणतो, वादनाचा जीव जातो.

उत्तर : बाकी सर्वांच्या वाद्यांना आवाज कमी करायची कळ असते, ड्रमला नसते. म्हणून गट किती हळू वाजवू शकतो, हे शेवटी ड्रमवादकाच्या हातावर ठरते. तो मोठ्याने वाजवू लागला की गिटारवाला कळ फिरवतो, मग बेसवाला, आणि गाणारी व्यक्ती सर्वांत शेवटी ओरडू लागते. आपल्या खोलीत नेमके हेच चालले असणार.

‘हळू वाजव’ या सूचनेवर त्याने दिलेले उत्तर उद्धटपणाचे नाही. नुसता जोर कमी केला तर लय खरोखरच पडते, कारण त्याच्या हाताला लांब झोक्याची सवय झालेली असते. त्याने जोर कमी न करता काठीची उंची कमी करावी, म्हणजे झोका आखूड होतो आणि मनगटाची चपळाई तशीच राहते. बारीक काड्यांची जुडी किंवा ब्रश वापरल्यानेही फरक पडतो. पण सर्वांत आधी सिम्बलकडे पाहा. गायिकेच्या स्वरातले व्यंजनांचे तीक्ष्ण ध्वनी ज्या पट्ट्यात असतात, त्याच पट्ट्यात सिम्बलचा झणझणाट पसरतो आणि तो कितीतरी वेळ टिकतो. किक आणि स्नेअर आहेत तसे ठेवून क्रॅश निम्म्याने कमी वापरला, तरी आपले शब्द उमटू लागतील. माईकचे तोंड ड्रमकडे असेल तर ते फिरवा. माईकची पाठ स्पीकरकडे असावी, म्हणजे शिट्टीही कमी होईल.

हा प्रश्न कानांच्या आरोग्याचाही आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास राहणे, ही कामाच्या ठिकाणी सर्वसाधारण मर्यादा मानली जाते आणि त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. लहान खोलीत ड्रमसेटजवळ १०० डेसिबल सहज होतात. सर्वांनी, आणि ड्रमवादकाने आधी, कानांत प्लग घालावेत. संगीतकारांसाठी बनवलेले प्लग स्वर न बिघडवता आवाज समप्रमाणात कमी करतात. कापसाच्या बोळ्याने ते साधत नाही.

प्रश्न : यंत्रावर ठेका तयार मिळत असताना ड्रमवादक हवाच कशाला?

उत्तर : सर्वच गाण्यांना नको असतो. १९८० साली लिन एलएम-१ हे खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वापरणारे यंत्र आले आणि त्याच वर्षी रोलँड टीआर-८०८ आले. तेव्हापासून यंत्राच्या ठेक्याचे स्वतःचे सौंदर्य तयार झाले आहे. ८०८चा खोल, लांबणारा किक कोणत्याही पेडलमधून निघत नाही. पण गायकाने एखादी ओळ आयत्या वेळी दुसऱ्यांदा घेतली, तर यंत्र ती ओळ कधी संपणार याची वाट पाहत नाही.

प्रश्न : ड्रमवादक मागे बसतो, तरी तो गटाचा प्रमुख होऊ शकतो का?

उत्तर : झालेले आहेत. चिक वेब यांचा वाद्यवृंद १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूममध्ये गाजत होता आणि गायिका एला फिट्झजेराल्ड विशीही न गाठलेल्या असताना त्यांच्याच वाद्यवृंदात गाऊ लागल्या. आर्ट ब्लेकी यांनी १९९० साली निधन होईपर्यंत ‘जॅझ मेसेंजर्स’ हा गट चालवला आणि त्यातून दर काही वर्षांनी नवे तरुण वादक घडवून बाहेर पाठवले. मागे बसण्याचा एक फायदाही आहे : मंचावरच्या प्रत्येकाचे हात, खांदे आणि मान ड्रमवादकाला दिसतात. गायक श्वास घ्यायला खांदे उचलतो, तेव्हा ते श्रोत्यांच्या आधी त्याला कळते.